सोळा किमती आणि एक प्रश्न

लोकप्रिय साहित्यावर संशोधन करणार असाल, तर कधी ना कधी हे वाक्य लिहायचा मोह तुम्हाला होणारच: ‘या पुस्तकाला आज ऑनलाइन एवढे हजार रुपये मोजावे लागतात, यावरून त्याचं महत्त्व कळतं.’ मीही लिहिलं होतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरच्या प्रकरणात १६ ऑनलाइन किमतींचा तक्ता केला, सरासरीही काढली. गाइडनी एकच विचारलं, “यातली विकली गेली किती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आज माझ्याच तक्त्याची चिरफाड करतो.

पहिली चूक साधी. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. २०११ साली अमेझॉनवर ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे जीवशास्त्राचं पेपरबॅक २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेलं होतं. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती म्हणून नव्हे. एका विक्रेत्याचा प्रोग्राम दुसऱ्याच्या किमतीच्या सुमारे १.२७ पट किंमत लावायचा, दुसऱ्याचा पहिल्यापेक्षा किंचित कमी. दोघे एकमेकांकडे बघत चढत गेले.

मग लिलावात खरोखर मिळालेली किंमत तरी घ्यावी का? घ्या, पण ती काय सांगते ते बघा. ईबेसारख्या लिलावात तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा तुम्ही २००० टाकले आणि दुसऱ्याची मर्यादा ६००, तर पुस्तक तुम्हाला ६०० च्या थोडं वर मिळतं. म्हणजे ही किंमत ठरवली हरलेल्या माणसाने! तो त्या रात्री लवकर झोपला असता, तर आकडा वेगळाच आला असता.

नियमांनीही वागणं बदलतं. रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी २००२ साली दाखवलं, की ठरल्या वेळी बंद होणाऱ्या ईबेच्या लिलावात शेवटच्या मिनिटाला बोलींची गर्दी होते. अमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की मुदत वाढायची, तिथे ही गर्दी बरीच कमी होती. मी दोन्ही प्रकारच्या किमती एकाच रकान्यात कोंबल्या असत्या.

आवृत्तीचंही तसंच. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ १९७६ साली क्लिअरिंग हाउसने काढलं, पुढे इतर आवृत्त्या आल्या. नुसतं ‘जुनी जेजुरी’ लिहिलेल्या जाहिरातीवर विसंबू नका. मुद्रणाच्या तपशिलाच्या पानाचा फोटो मागा.

पण खरी गोम मला उमगली ती आमच्या महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची, पण तिथे जुनी पुस्तकं विकतात, इथे घराघरांत बसून फुकट वाचतात. ओसरीवर एक कोपरे दुमडलेलं, पाठ सैल झालेलं पुस्तक हातात आलं आणि वाटलं, लिलावात याला कोण विचारणार? तिथे भाव कोऱ्या प्रतीला. वाचनालयाचा शिक्का, पेन्सिलीच्या खुणा, चिकटपट्टी लावलेलं पान दिसलं की भाव उतरतो.

आता सांगा, माझा विषय काय होता? लोक अर्नाळकर कसे वाचत. म्हणजे बाजार ज्याला खोट म्हणतो, तोच माझा पुरावा. मी लोकप्रियता मोजायला अशी पट्टी घेतली होती, जी न वाचलेल्या प्रतीला जास्त गुण देते.

तेव्हा पुस्तक घेण्याआधी स्वतःला विचारा: मला मजकूर हवाय की ही प्रत? मजकूर हवा असेल तर आधी ग्रंथालयं पालथी घाला, मेसचे पैसे लिलावात घालू नका. प्रतच हवी असेल तर कमाल रक्कम आधी कागदावर लिहा, टपालखर्च धरून, आणि त्यापुढे जाऊ नका. शिक्क्याची प्रत स्वस्तात मिळाली तर उत्तमच. किमती नोंदवायच्याच असतील तर तारीख, आवृत्ती, प्रतीची अवस्था, बोली लावणारे किती, लिलाव कोणत्या नियमाने संपला आणि न विकलेल्या प्रती किती, हे सगळं लिहा.

माझ्या तक्त्यात शेवटी १६ पैकी ४ नोंदी टिकल्या. त्यांची सरासरी मी काढलेली नाही.