फॉन्ट उडाला म्हणजे नक्की काय उडालं?

धुळ्यात आग्रा रोडजवळ एका डीटीपीवाल्याकडे ताईच्या लग्नाची पत्रिका टाकली होती. मजकूर मी मोबाइलवर टाइप करून पाठवला. प्रूफमध्ये ‘चौधऱ्यांच्या’चं ‘चौधर्यांच्या’ झालेलं. विचारलं तर म्हणाला, “भाऊ, फॉन्ट उडाला.”

माझं भांडण त्याच्याशी नाही, या शब्दाशी आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या काळात अक्षर आणि त्याचा आकार एकाच खिळ्यात असायचे. जुळाऱ्याने जो खिळा उचलला, त्याचाच आकार उमटणार. श्रीलिपीसारखे जुने फॉन्टही त्याच वळणाचे: इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला. युनिकोडने ही जोडी तोडली. तिथे साठतो तो अक्षराचा क्रमांक. फॉन्ट म्हणजे फक्त कपडे. ‘र्य’मध्ये साधा र असतो, ‘ऱ्य’मध्ये बहुधा वेगळ्या क्रमांकाचा, नुक्तावाला ऱ. कन्व्हर्टरने दोन्ही सारखेच धरले, की आचाऱ्यांची मजुरी आचार्यांना मिळते!

म्हणजे फॉन्ट जागेवरच असतो, रूपांतर चुकलेलं असतं. पण आपण दोन्हीला ‘फॉन्ट’च म्हणतो, म्हणून माणूस फॉन्ट बदलत बसतो. शुद्ध मराठीत ‘टंक’ म्हणा, गोंधळ तोच. एन्कोडिंगला ‘संकेतन’ हा शब्द आहे. तो काउंटरवर कुणाच्या तोंडी ऐकलाय? मला तर ‘अक्षरांचे नंबर’ चालेल. निदान चूक कुठे शोधायची ते तरी कळेल.

त्याने चार फॉन्ट बदलून पाहिले. शेवटी माझा मेसेज समोर धरून सगळी पत्रिका हाताने पुन्हा टाइप केली.