सॉरी म्हणतंय कोण?

गाडी लेट झाली की स्टेशनवर इंग्रजी घोषणेत गैरसोय 'रिग्रेटेड' असते. हिंदीत 'खेद है' आणि मराठीत 'दिलगीर आहोत'. नीट ऐका. इंग्रजी वाक्य कर्मणी आहे. हिंदीत नुसतं 'खेद है' म्हटलं तर तो कोणाला ते कळत नाही. मराठीत मात्र 'आहोत' म्हटलं की 'आम्ही' आलंच.

इथे भाषेच्या शुद्धतेचा झेंडा लावायचा नाही. 'दिलगीर' फारसीतून आला, 'माफ' अरबीतून. मग 'सॉरी'नेच काय घोडं मारलंय? त्याचं मूळ तर जुन्या इंग्रजीतल्या दुखण्याशी आहे. 'रिमोर्स' लॅटिनमधला, अर्थ पुन्हा चावणं. आपलंही 'मन खातं'च की! 'अपॉलजी'चा प्रवास सगळ्यात उलटा. ग्रीकमध्ये ते बचावाचं भाषण. प्लेटोच्या 'अपॉलजी'त सॉक्रेटिस माफी मागत नाही, आपली बाजू मांडतो.

खरी गोची अशी की 'सॉरी'त दोन अर्थ एकत्र राहतात. कोणी वारल्यावरही 'सॉरी' आणि पाय तुडवल्यावरही 'सॉरी'. मराठी इथे दोन वाक्यं वापरते: 'वाईट वाटलं' आणि 'माझं चुकलं'. पहिल्यात सहानुभूती आहे, दुसऱ्यात जबाबदारी. या दोहोंमधली फट सत्तेला फार सोयीची असते.

ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना सरकारने घरांतून उचलून नेलं होतं. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत 'रिग्रेट' मांडला, 'सॉरी' टाळलं. ते म्हणायला केव्हिन रड यांना १३ फेब्रुवारी २००८ उजाडावं लागलं. जालियनवाला बागेला शंभर वर्षं होत असताना, एप्रिल २०१९ मध्ये, थेरेसा मे यांनीही ब्रिटिश संसदेत 'रिग्रेट'च व्यक्त केला, माफी मागितली नाही. म्हणजे शब्द किती वजनाचा आहे हे राज्यकर्त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता बल्लारपुरात या. २७ नोव्हेंबर २०२२ ला बल्लारशाह जंक्शनवरच्या पादचारी पुलाचा भाग कोसळला. माणसं खाली रुळांवर पडली. एका महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. अशा वेळी जाहीर होते ती 'एक्स ग्रेशिया' मदत. मराठीत 'सानुग्रह'. म्हणजे देणारा कृपा म्हणून देतो, कायद्याने देणं लागतो म्हणून नाही. पैसे मिळतात, ते लागतातही. पण चूक कोणाची, हे त्या शब्दातून निसटून जातं. गाडी लेट झाल्यावर निदान 'आहोत' तरी ऐकू येतं. पूल पडल्यावर भाषा लॅटिन होते आणि जबाबदार माणूस व्याकरणातूनच गायब होतो.

मोबाईलवर दिवसभर 'सॉरी यार' टाइप करणाऱ्या पिढीला मोठी माणसं नावं ठेवतात. मला त्यात वावगं दिसत नाही. उशीर झाला, रिप्लाय राहिला, एवढ्यासाठी 'सॉरी' पुरतं. प्रश्न येतो तो कोणाचं तरी कायमचं नुकसान झाल्यावर. तेव्हा 'सॉरी, तुला वाईट वाटलं असेल तर' हे वाक्य तपासून पाहा. त्यात तू आहेस, तुझं वाईट वाटणं आहे, 'तर' आहे. फक्त मी नाही. तोच 'मी' घालून वाक्य पुन्हा लिहिलं तर ते आपोआप 'माझं चुकलं' होतं. दोनच शब्द, पण टाइप करताना बोट अडखळतं. ते अडखळतं, म्हणूनच त्यांना किंमत आहे.