प्रा. नरसिंहन यांचा भाषाविचार

भारतातील संगणकविद्येच्या इतिहासात प्रा. रंगस्वामी नरसिंहन (१९२६–२००७) यांचे नाव टिफ्रॅक या गणकयंत्राशी निगडित झाले आहे. ते यथार्थच होय. इंडियाना विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून ते १९५४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तेथे १९५६ मध्ये प्राथमिक नमुना व १९६० मध्ये पूर्ण यंत्र सिद्ध झाले. सुमारे २७०० निर्वात नलिका आणि अवघ्या २०४८ शब्दांची स्मृती, एवढाच त्याचा पसारा. पण तो येथल्या तरुणांनी स्वतः जुळविलेला होता. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. लौकरच, १९६४ मध्ये, त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले व टिफ्रॅकचे दिवस भरले. म्हणून केवळ त्या यंत्रावरून नरसिंहन यांचे कर्तृत्व मोजू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

भाषाभ्यासकाला अधिक मोलाचा आहे तो त्यांच्या विचारातील एक पालट. इलिनॉय विद्यापीठात असताना त्यांच्यापुढे बुद्बुदकक्षातील कणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राकडून वाचवून घेण्याचा प्रश्न होता. चित्र ठरीव साच्याशी ताडून पाहण्याऐवजी ते वाक्यासारखे मानावे, रेषा व त्यांचे सांधे हे घटक समजून त्यांच्या रचनेचे व्याकरण लिहावे, हा मार्ग त्यांनी १९६२ मध्ये मांडला. चॉम्स्की यांचे वाक्यरचनेवरील पुस्तक निघून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती! व्याकरणाची संकल्पना भाषेबाहेर इतक्या धिटाईने वापरणारा हाच संशोधक पुढे खुद्द भाषेच्या बाबतीत मात्र केवळ व्याकरणावर संतुष्ट राहिला नाही. भाषिक वर्तनाच्या प्रतिमानावरील १९८१ च्या ग्रंथात त्यांचा रोख नियमांच्या संचाकडे नसून बोलणारा बोलण्याने काय साधतो, याकडे आहे. याच भूमिकेतून वैद्यनाथन यांच्या साहाय्याने त्यांनी एका तमिळ बालकाचे वडील मंडळींशी होणारे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ‘वर्तन’ या शब्दामुळे त्यांना स्किनर यांच्या पंक्तीस बसविण्याचा मोह होतो. परंतु तो टाळणे इष्ट. आत काय घडते हे सांगणारे प्रतिमान रचणे हेच तर त्यांचे उद्दिष्ट होते.

या भूमिकेचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही वऱ्हाडी बोलीवर पारखून पाहता येतात. वाशीम किंवा रिसोडकडील मूल घरी ‘मले पानी दे’ म्हणते आणि त्याला पाणी मिळते. पाठ्यपुस्तकात ‘मला पाणी दे’ असते. केवळ रूपांचा विचार केला तर ‘ले’च्या जागी ‘ला’ आणि ‘न’च्या जागी ‘ण’, एवढेच काम उरते व शिक्षक ते तांबड्या शाईने उरकतो. नरसिंहन यांच्या दृष्टीने पाहिल्यास या मुलाचे वाक्य अशुद्ध ठरत नाही, कारण त्याचे कार्य पूर्णपणे सिद्धीस गेलेले असते. ‘मला’ या रूपाची मुलाला गरज भासते ती लेखनाच्या निराळ्या व्यवहारात. त्या व्यवहाराचा परिचय न करून देता नुसते ‘मले’ खोडणे म्हणजे मुलाला गप्प बसविणे होय.

मात्र हा निष्कर्ष त्यांच्या लेखनातून आपल्याला काढावा लागतो; आयता मिळत नाही. साक्षरतेवरील २००४ च्या ग्रंथात त्यांनी पाश्चात्त्य व भारतीय अनुभवांचा विस्तृत विचार केला. तथापि तो परंपरांच्या पातळीवर राहतो, वर्गातल्या एका मुलापर्यंत येत नाही. वास्तविक तमिळमधील बोली व लेखी भाषा यांतील अंतर वऱ्हाडी व प्रमाण मराठी यांतील अंतराहून पुष्कळच मोठे आहे. त्या ध्वनिफितींतील बालकालाही पुढे ते ओलांडावयाचे होते. परंतु ते शाळेच्या वयाला पोहोचण्यापूर्वीच ती नोंद संपते.