आधी फेस, मग धार

जुन्या टिपरचा हौदा उचलणाऱ्या जॅकमधली हवा काढणं हे गॅरेजमध्ये दुय्यम काम समजलं जातं. इंजिन बांधणाऱ्याचं पंचक्रोशीत नाव होतं. हवा काढणाऱ्याचं भांडवल म्हणजे एक पाना आणि एक चिंधी. तरीही जाणकाराने थांबून पाहावं असं हे काम आहे, कारण इथे जोर लावून काहीच साधत नाही. हवा ओढून काढता येत नाही. तिला वर यायला जागा आणि वेळ द्यावा लागतो, आणि सगळी कारागिरी त्या देण्यात आहे.

पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूला काळ्या दगडाची खडी वाहून म्हातारा झालेला एखादा टाटा 1613 डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला जोडणारा गिअर, टाकतो, पंप फिरू लागतो, पण हौदा हलत नाही. हलतो तेव्हा अडखळत: थोडा वर, मग थांबा, मग झटका. खडी मागे घसरून वजन कमी झालं की तो एकदम उसळतो. "मिस्त्री, जॅकने हवा धरली," ड्रायव्हर सांगतो. मिस्त्री लगेच पान्याला हात घालत नाही. आधी हौदा पूर्ण खाली बसवून टाकीतलं तेल बघतो. हौदा वर असताना तेल जॅकमध्ये गेलेलं असतं. तेव्हा टाकी भरली तर खाली येताना ती उतू जाणारच.

या अडखळण्यामागचं गणित सुंदर आहे. 100 बारच्या दाबाखाली तेल जेमतेम अर्धा-पाऊण टक्का आकसतं, म्हणून पंपाने ढकललेला थेंबन् थेंब हौद्यापर्यंत पोचतो. तेवढ्याच दाबाखाली हवेचा फुगा मात्र जवळपास शंभराव्या हिश्शावर येतो. पंपाची मेहनत आधी हा फुगा चेपण्यात जाते. दाब साठत जातो, सीलची पकड सुटते आणि चेपलेली हवा साठवलेला जोर एका दमात मोकळा करते. तोच तो झटका. गंमत अशी, की तेलात साधारण आठ-नऊ टक्के हवा विरघळलेली असतेच आणि ती काही उपद्रव करत नाही. भांडण फक्त बुडबुड्यांशी आहे.

पण फुगा आपोआप बाहेर का जात नाही? उत्तर जॅकच्या बांधणीत आहे. हा एकमार्गी जॅक. तेल त्याला वर ढकलतं, खाली मात्र तो हौद्याच्या वजनाने येतो. तेलाची ये-जा खालच्या एकाच तोंडातून होते. हवा बसते सगळ्यात वर, सगळ्यात आतल्या नळीच्या टोकाशी. दिवसभर हौदा वरखाली केला तरी खालचं तेल बदलत राहतं आणि वरची हवा आपल्या जागी राहते. म्हणून अशा बऱ्याच जॅकांना अगदी वरच्या टोकाला एक छोटा स्क्रू दिलेला असतो. नर्स सिरिंज उभी धरून टिचकी मारते आणि बुडबुडा सुईकडे चढू देते, तीच युक्ती इथे लोखंडात ओतलेली आहे.

आता मुख्य भाग. गाडी सपाट जागेवर, हौदा रिकामा. तो हात पोचेल इतपत उचलून लोखंडी टेक्यावर बसवलेला. टेका पक्का बसल्याशिवाय मिस्त्रीचा हात आत जात नाही. या कामाच्या शैलीचा हा पहिला नियम. मग केबिनकडे न बघताच तो ओरडतो, "रेस नको देऊ रे, आयडलला राहू दे." या एका वाक्यात त्याची सगळी समज आहे. रेस दिली की तेल घुसळलं जातं, मोठा फुगा फुटून त्याचे हजार बारीक बुडबुडे होतात आणि ते वर चढायला फार वेळ घेतात. जेमतेम दाब, स्क्रूला अर्धा-पाऊण फेरा, बस्स. आधी फुसफुस ऐकू येते. मग पांढरट, दुधासारखा फेस थुंकल्यासारखा तुटक येतो. मध्येच तेल दिसतं आणि पुन्हा फेस. नवशिका इथेच फसतो. पहिलं तेल दिसताच तो स्क्रू आवळतो. जाणता मिस्त्री थांबतो. धार अखंड, पारदर्शक आणि आवाज न करता वाहू लागते, तेव्हाच तो पाना फिरवतो.

स्क्रूच नसलेले जॅकही असतात. तिथे रिकामा हौदा सावकाश बऱ्याचदा वरखाली करायचा, मध्ये दम घ्यायचा आणि रात्रभर गाडी उभी ठेवायची. हा वेळ वाया जात नाही. टाकीतलं थोडं गढूळ तेल काचेच्या ग्लासात घेऊन ठेवलं, तर हवेने गढूळलेलं तेल तळापासून वर निवळत जातं. तासन् तास पांढरंच राहिलं तर त्यात पाणी आहे, आणि मग प्रकरण वेगळं. फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीचंही तसंच. 2012 साली गोव्यातलं खनिज उत्खनन थांबलं आणि खनिजाचे टिपर वर्षानुवर्षं दारात उभे राहिले. इतकी उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू करताना सील कडक झालेली असू शकतात. तिथे हवा काढणं हा शेवटचा अध्याय. सील किट आधी.

या कलेची एक मर्यादाही नोंदवायला हवी. स्क्रू आत असलेली हवा सोडतो, ती आली कुठून हे सांगत नाही. दाबाच्या बाजूची गळती तेल टाकून स्वतःची चुगली करते. टाकीपासून पंपापर्यंतच्या सक्शन होजमध्ये मात्र वातावरणापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे तिथली ढिली क्लिप किंवा तडकलेला रबर तेलाचा थेंबही न सांडता हवा पीत राहतो. पंप खडे चावल्यासारखा वाजत असेल, तर जाणकार त्या जोडावर थोडं तेल सोडतो. आवाज बदलला की चोर सापडला. स्क्रू नजाकतीने उघडणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात. त्यानंतर आपणहून सक्शनच्या क्लिपा चाचपणारा मात्र विरळा, आणि माझ्या लेखी पहिला मान त्याचाच. कारण तो तपास राहिला, तर कितीही स्वच्छ धार काढली तरी पुढच्या काही खेपांत हौदा पुन्हा अडखळणार.