'युक्तिकल्पतरू'तील नौकालक्षण व जुन्या नावेचा जीर्णोद्धार

भोजाच्या नांवावर चालणारा 'युक्तिकल्पतरु' हा ग्रंथ नौकालक्षणासाठीं प्रसिद्ध आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा हस्तलिखितावरून उपयोग केला. पुढें १९१७ सालीं ईश्वरचंद्र शास्त्री यांनीं तो कलकत्त्यास छापिला. तेव्हांपासून नौकेचा विषय निघाला कीं हें प्रमाण पुढें येतें. परभणी जिल्ह्यांत गंगाखेडच्या बाजूस गोदाकांठची एखादी जुनी वल्ह्याची नाव दुरुस्त करावयाची झाल्यास तें कितपत उपयोगीं पडेल, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

प्रथम मापें. सामान्य नौकांतील सर्वांत लहान जी 'क्षुद्रा', तिची लांबी १६ हात, रुंदी ४ हात व उंचीहि ४ हात सांगितली आहे. हात १८ इंचांचा धरल्यास उंची ६ फूट होते. इतक्या उंच कांठावरून उथळ नदींत वल्हें मारणें दुर्घट आहे. हीं मापें सुताराच्या दोरीचीं नसून वर्गीकरण करणाऱ्या पंडिताचीं दिसतात.

दुसरें, सागरी नौकेच्या तळफळ्या लोखंडानें जोडूं नयेत, जोडल्यास लोहचुंबक ती ओढून घेईल, असें ग्रंथकार म्हणतो. हीच दंतकथा सहाव्या शतकांतील प्रोकोपियस यानें खोडून काढिली आहे. तांबड्या समुद्रांतील रोमन नौकांत लोखंड असूनहि त्यांस बाध येत नसे, असें तो सांगतो. दोरीनें शिवलेल्या नौका अरबी समुद्रांत खरोखरच होत्या; नियमास आधार आहे, कारण मात्र कल्पित आहे. त्या नियमावर विसंबून नदीच्या नावेचे शाबूत खिळे उपटणें अनुचित होय.

तिसरें, लांकडाचे चार वर्ण कल्पून भिन्न वर्णांचीं लांकडें एकत्र करूं नयेत असें म्हटलें आहे. वर्णकल्पना सोडली तरी हा उपदेश ग्राह्य आहे. निरनिराळीं लांकडें पाण्यानें सारखीं फुगत नाहींत व उन्हानें सारखीं आटत नाहींत. म्हणून जुन्या फळीस त्याच जातीची फळी जोडावी.

परंतु जीर्ण नावेचें काय करावें याविषयीं ग्रंथ मौन धरितो. वाळवंटांत पडून वाळलेल्या नावेचे सांधे उघडतात. ते तसेच कोरडे असतां ठासून भरले, तर पाण्यांत फळ्या फुगून खिळे सैल करितात किंवा आंतील वांक मोडतात. म्हणून नाव आधीं ओल्या गोणपाटाखालीं कांहीं दिवस हळूहळू भिजवावी. जे सांधे आपोआप मिटतील ते सोडून उरलेलेच भरावे. पाठ लागण्यापूर्वीं शोधन करूं नये, हा पोथीचा नियम येथेंहि लागू आहे.

सुखठणकरांनीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली. त्याचप्रमाणें नव्या फळीवर आंतल्या बाजूस सालाची खूण कोरावी व काढलेली फळी जपून ठेवावी. 'क्षुद्रा'चीं मापें साधण्यासाठीं मूळ घडण बदलली, तर ग्रंथाची एक प्रतिकृति हातीं येईल आणि गोदेवरील नावेचा अस्सल पुरावा कायमचा नष्ट होईल.