‘काम’ म्हणजे कोणते काम? कुंदापूर जाहीरनाम्याचे टीकात्मक वाचन

बालमजुरीवर प्रश्न आला की आपली उत्तरे बहुधा एकाच साच्यातली असतात: कारणे, परिणाम, कायदे, उपाय. आज तो साचा बाजूला ठेवू आणि मुख्यतः एकच दस्तऐवज नीट वाचू. तो काम करणाऱ्या मुलांनीच मांडलेला आहे, आणि ‘आमचे काम बंद करा’ अशी मागणी त्यात नाही.

आधी पार्श्वभूमी पाहू. ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ ही बेंगळुरूची संस्था. तिच्या पाठबळावर १९९० मध्ये ‘भीम संघ’ ही काम करणाऱ्या मुलांची स्वतःची संघटना उभी राहिली. पुढे १९९६ च्या अखेरीस कर्नाटकच्या किनाऱ्यावरील कुंदापूर येथे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अशा संघटनांचे बालप्रतिनिधी जमले. तेथून दहा कलमांचा जाहीरनामा निघाला. आमच्याविषयी ठरवताना आम्हाला विचारा. आमच्या आयुष्याशी जुळेल असे शिक्षण द्या. गरिबीच्या मुळाशी जा. मुलांनी बनवलेल्या मालावर बहिष्कार घालू नका. पिळवणूक नको, पण शिकायला आणि खेळायला वेळ उरेल असे सन्मानाचे काम असू द्या. त्या कलमांचा सारांश असा सांगता येईल.

यातली बहिष्काराविरुद्धची मागणी वाचून तुम्हाला नवल वाटेल. तिच्यामागे ताजा अनुभव होता. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून बनलेल्या मालाची आयात रोखणारे विधेयक मांडले. नुसत्या त्या धाकाने बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना काढून टाकले. युनिसेफचा अंदाज सुमारे ५० हजार मुलांचा होता. त्यांतली बरीच शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांकडे वळली. मुलांना न विचारता त्यांचे भले करायला गेले की काय होते, हे कुंदापूरला जमलेल्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इथवर जाहीरनाम्याची बाजू भक्कम आहे, असे माझे मत आहे.

अडचण ‘काम’ या शब्दापाशी सुरू होते. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलात की सुमारे ५० किलोमीटरवर रामनगर येते. रेशीमकोशांची मोठी बाजारपेठ तिथे आहे. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने १९९६ आणि २००३ च्या अहवालांत रेशीमधंद्यातल्या वेठबिगार मुलांची स्थिती नोंदवली. आईबापांनी मालकाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मूल कामाला बांधलेले, आणि कोशाचे धागे उलगडताना हात उकळत्या पाण्यात. (‘उचल’ हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांना ऊसतोडीमुळे ठाऊक आहेच.) या मुलाला सभेला जायला रजा कोण देणार? संघटना करण्याइतकी मोकळीक ज्यांना होती, त्यांनी जाहीरनामा केला. ज्यांना ती नव्हती, त्यांचे कामही त्याच शब्दात मोजले गेले. जाहीरनामा पिळवणुकीला विरोध करतो हे खरे. परंतु सन्मानाचे काम कुठे संपते आणि पिळवणूक कुठे सुरू होते, ही रेघ कर्जात अडकलेल्या मुलाच्या हातात नसते.

आता विरुद्ध पक्ष पाहू. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायरन वायनर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की, भारतात बालमजुरी टिकते ती केवळ गरिबीमुळे नव्हे. गरिबांची मुले राबणारच, ही अधिकारी आणि मध्यमवर्गाची धारणा सक्तीच्या शिक्षणाच्या आड येते. शांता सिन्हा यांचे एम. व्ही. फाउंडेशन त्याहून रोखठोक आहे: शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालकामगारच. या व्याख्येचा फायदा असा की रामनगरचे मूल तिच्यातून सुटत नाही. मात्र मूल शाळेत गेल्यावर घरातली उचल कोण फेडणार, याचे उत्तर व्याख्येत सापडत नाही.

मराठी विद्यार्थ्याला हा वाद नवा वाटू नये. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, आणि त्याच निवेदनात कुणब्याची मुले गुरे राखायला व शेतावर लागतात म्हणून शाळेत येत नाहीत हेही सांगितले. म्हणून त्यांनी सक्तीच्या जोडीला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मागितली. आज दोन छावण्यांत वाटली गेलेली बाजू त्यांच्याकडे एकाच कागदावर होती.

कुंदापूरची परिषद संपते न संपते तोच, १० डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या प्रकरणात (एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य) निकाल दिला. धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २० हजार रुपये भरावेत आणि त्या मुलाच्या जागी घरातल्या प्रौढाला काम मिळावे. ते शक्य नसेल तर सरकारने ५ हजार रुपये घालावेत. म्हणजे नेमक्या प्रश्नाला, घरच्या कमाईला, न्यायालयाने हात घातला. पण ‘शक्य नसेल तर’ या शब्दांनी सरकारला ५ हजारांत सुटका मिळाली. बिनधोक्याच्या कामात तर न्यायालयाने दिवसाला चार ते सहा तासांची मुभा ठेवून रोज किमान दोन तास शिक्षण मालकाच्या खर्चाने द्यायला सांगितले. कुंदापूरच्या मागणीशी हे ताडून पाहा.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी घातली. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुटीत, बिनधोक्याच्या कौटुंबिक उद्योगात मदतीची सूट ठेवली. कौटुंबिक सूट १९८६ च्या कायद्यातही होती. आता कुटुंबाच्या व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी येतात. कायद्याने सर्वांत जास्त विश्वास टाकला तो नात्यावर, आणि रामनगरात उचल घेतली जात होती ती नात्यातूनच.

स्वाध्याय: तुमच्या कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा आणून देणारा पोऱ्या हा मालकाचा भाचा आहे, असे समजा. तो सकाळी शाळेत जातो. कुंदापूरचा प्रतिनिधी, शांता सिन्हा आणि २०१६ चा कायदा त्याच्याविषयी काय म्हणतील, ते लिहा. त्याला स्वतःला कोणते प्रश्न विचारावे लागतील, तेही लिहा.