बिगारी आणि ‘सामाजिक जबाबदारी’

मोठ्या बांधकाम कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे दोन शब्द हटकून आढळतात : ‘सामाजिक जबाबदारी’ आणि ‘शाश्वतता’. शब्द चांगलेच आहेत. परंतु कोणताही शब्द कोणाच्या बाजूने उभा आहे हे तपासल्यावाचून तो स्वीकारायचा नाही, ही आपल्या चळवळीची शिकवण आहे.

याच बांधकामांवर तिसरा एक शब्द रोज ऐकू येतो : बिगारी. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या माणसाचे मराठीतले हे नाव वेठबिगारीतून आलेले आहे. महार वतन हाही वेठीचाच एक प्रकार. त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी आली. प्रथा कायद्याने गेली, नाव मात्र राहिले.

नावच राहिले असते तर तक्रार नव्हती. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी जी बांधकामे झाली, त्यांवरील मजुरांचे रोजचे ९ रुपये २५ पैसे मुकादमाच्या हाती पडत आणि तो त्यातला एक रुपया कापून घेई. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हीदेखील वेठबिगारीच होय, कारण भूक हीसुद्धा सक्तीच असते, असा निर्णय न्यायालयाने त्याच वर्षी दिला. ठेकेदाराकडे बोट दाखवून शासनाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही, हेही बजावले. मोठ्या बांधकामांच्या सामाजिक जबाबदारीची खरी व्याख्या येथे आहे. ती हक्काच्या भाषेत केलेली आहे.

आता अहवालांतली व्याख्या पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. म्हणजे नफा झाला तरच जबाबदारी! उलट, १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी बांधकामाच्या खर्चावरच किमान १ टक्का उपकर बसवला. उपकराचा हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला, तरी तत्त्व तेच राहिले. समजा, इमारतीचा खर्च १०० कोटी आहे. उपकर १ कोटी. मग मालकाला नफा होवो वा तोटा. सरासरी नफा १० कोटी असेल, तर समाजकार्याचे होतात २० लाख. अहवालात छायाचित्रे मात्र या २० लाखांची असतात. वाटलेल्या दप्तरांची छायाचित्रे निघतात, भरलेल्या उपकराचे कोण काढतो?

आणि उपकराचे तरी काय झाले? देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नमूद केले. ज्याची नोंदणी नाही त्याला लाभ नाही. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावर उभा राहून रोज नवा मालक शोधणाऱ्याने तो कोणाकडे मागावा?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडीत होती. सरकारने काम दिले, हे ती मरेपर्यंत उपकार म्हणून सांगत असे. ती आपल्या घामाचे देणे मागत होती, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. व्यवस्था हक्काला उपकाराचे रूप देते ते असे.

शाश्वततेचेही तेच. हरित इमारतीच्या गुणांकनात पाणी, वीज, साहित्य यांची बारकाईने मोजदाद होते. ‘गृह’ या भारतीय पद्धतीत मजुरांची सुरक्षा व स्वच्छता यांचाही निकष आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु इमारत शंभर वर्षे टिकावी म्हणून जपायचे आणि ती उभारणाऱ्याचे पत्र्याचे खोपटे काम संपताच मोडायचे, त्याच्या मुलांची शाळा अर्ध्यावर तोडायची, ही कसली शाश्वतता? ज्यांची बिऱ्हाडे अशी मोडतात त्यांत दलित, आदिवासी, भटके-विमुक्त मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे अस्थैर्य हा अपघात नव्हे, जातिव्यवस्थेने घालून दिलेला तो क्रम आहे.

विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांनी आपल्या गावाजवळच्या एका तरी प्रकल्पाबाबत तीन प्रश्न विचारावेत : मजुरी किती आणि कोणाच्या हाती पडते? नोंदणी किती जणांची झाली? उपकर कोठे गेला? २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत अहवालातल्या सामाजिक जबाबदारीला आपण दानधर्मच म्हणावे.